पर्वाचे दान आणि आडदिवसाची भिक्षा

भिक्षा आणि दान ही एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत. आपल्या आचारप्रकरणात यांपैकी घेणाऱ्याच्या टोकाचा विचार अत्यंत सूक्ष्मपणे झालेला आहे. भिक्षुकाने रुचीच्या मागे लागू नये, घर निवडू नये, झोळीत जे पडेल ते एकत्र होऊ द्यावे, कोणी विन्मुख केले तरी चित्तात विषमता येऊ देऊ नये, हा सारा विधी साधनवंतांना परिचित आहे. देणाऱ्याच्या टोकाविषयी मात्र शास्त्र फारसे बोलत नाही. शास्त्राचा मुख्य अधिकारी साधनवंत असल्यामुळे हे स्वाभाविकच होय. परंतु त्यामुळे आमच्या वासनिक आणि उपदेशी मंडळींच्या मनात एक शंका नेहमी राहते. भंडारा जिल्ह्यात कार्तिकमासी निरूपणाच्या निमित्ताने फिरताना ती शंका निरनिराळ्या मुखांनी, पण एकाच स्वरूपात ऐकावयास मिळते. ती अशी की, आम्ही दिवाळीत देतो, मंडईत दारी आलेल्याला जेवू घालतो, पूर आला तेव्हा शिधा वाटला, सुटीच्या दिवसांत गावासाठी श्रमदान केले; या सर्वांचे आपल्या मार्गात मोल काय?

याचे शास्त्रोक्त उत्तर चार शब्दांत देता येते. दान हे कर्म आहे, कर्माचे फळ देवता देतात, ते फळ भोगून सरते, आणि मोक्ष तर एका परमेश्वराच्या अधीन आहे. उत्तर निर्दोष आहे. तथापि ते ऐकून गृहस्थ ज्या मुद्रेने घरी जातो ती मुद्रा मी अनेकदा पाहिली आहे. ज्याच्या उदरात तीस-पस्तीस वर्षे गृहस्थांच्या हातचे अन्न गेले, त्याने देणाऱ्याला एवढ्यावर निरोप द्यावा, हे मला उचित वाटत नाही. म्हणून हा विस्तार.

प्रथम पर्वाच्या दानाचा विचार करू. भंडारा हा धानाचा आणि तलावांचा मुलूख. पूर्वी गोंदियाही याच जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी तो वेगळा झाला, पण झाडीपट्टीचा आचार अशा रेषेने तुटत नाही. आपल्या पंथाच्या दृष्टीने तर या भूमीचे महत्त्व विशेष. लीळाचरित्राच्या एकांकात जे नीळभट भांडारेकार येतात, घरदार टाकून सर्वज्ञांच्या सन्निधानास लागतात, ते याच भंडाऱ्याचे. ज्या गावाने आठशे वर्षांपूर्वी असा एक देणारा दिला, की ज्याने वस्तू न देता स्वतःलाच दिले, त्या गावी दानाची चर्चा करावी हे योग्यच आहे.

या प्रांतात भाऊबीज झाली की मंडईचे दिवस लागतात. शेजारच्या गावांशी गाठ पडू नये म्हणून प्रत्येक गाव आपला दिवस वेगळा धरते. दिवसा बाजार भरतो, दंडार होते, रात्री नाटक उभे राहते आणि ते पहाटेपर्यंत चालते. लेकी, जावई, सोयरे आणि सोयऱ्यांचे सोयरे येतात. त्या दिवशी घरात किती पाने वाढली याची गणती कोणी ठेवीत नाही. ज्याला कोणी ओळखत नाही असा एखादा मनुष्य ओसरीवर येऊन बसला तरी त्याला प्रथम पाण्याचा लोटा मिळतो, मग ताट मिळते, आणि तुम्ही कोणाकडचे हा प्रश्न त्यानंतर येतो. बाहेरून आलेल्या एखाद्या विद्वानाला यात नुसती करमणूक दिसेल. मला यात एक मोठा संस्कार दिसतो.

या उदारतेचे कारणही समजून घ्यावे. दिवाळीच्या सुमारास हलके धान कापून घरात आलेले असते आणि भारी धान बांधीत पिवळे होऊन उभे असते. कणगीत काही आहे आणि पुढे आणखी येणार आहे, अशा वेळी मनुष्याचा हात आपोआप सैल होतो. भिक्षुकाच्या झोळीला हे पंचांगाच्या आधी कळते. कार्तिकात झोळी जड असते. तीत करंजी असते, अनारसा असतो, कधी कधी तर भिक्षुकालाच आपल्या रुचीविषयी सावध राहावे लागते. तीच झोळी घेऊन तो भाद्रपदात त्याच प्रांतातून निघतो तेव्हा गोष्ट निराळी असते. रोवणी आटोपलेली, मजुरी थांबलेली, जुने धान संपलेले आणि नवे अजून पोटरीत. अशा दिवसांत एखाद्या घरातून मूठभर भात आणि त्यावर अंबाडीची भाजी येते. ती देणारी स्त्री आत जाऊन किंचित थांबलेली असते. तेवढ्या वेळात तिने कोणाच्या वाट्यातून काढावे याचा निर्णय केलेला असतो, आणि तो वाटा बहुधा तिचा स्वतःचाच असतो. तिला आपण दान केले असे वाटत नाही. दारी कोणी आले होते, एवढेच तिला आठवते.

या दोन भिक्षांत जड कोणती, हे झोळीच्या वजनावरून ठरत नाही. म्हणून पर्वाचे दान हलके समजावे काय? तसेही नाही. जो वर्षातून एकदाही देत नाही त्याचा हात आखडून जातो, जसा न वापरलेला सांधा आखडतो. घरातील लहान मूल दिवाळीच्या दिवशी फराळाचे ताट झाकून शेजारी नेते, परत येताना त्या ताटात दुसऱ्या घरची साखर आणते, आणि रिकामे ताट परत करू नये ही गोष्ट त्याला कोणी न सांगता कळते. पर्व ही दानाची शाळा आहे. आक्षेप एवढाच, की जन्मभर शाळेतच बसून राहणाऱ्याला विद्वान म्हणत नाहीत.

आता शास्त्राकडे वळू. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य मानून जो विचार आपल्याकडे झाला, त्यात पुण्यकर्माला त्याची जागा नेमून दिलेली आहे. त्या जागेच्या वर ते जाऊ शकत नाही. हे खरे असूनही आमच्यातील काही शुष्क वादी याचा एक विचित्र उपयोग करतात. दानाने मोक्ष नाही, मग दान कशाला, असे म्हणून ते मूठ झाकतात. शास्त्राचा आधार घेऊन लोभ सुरक्षित ठेवण्याची ही युक्ती फार जुनी आहे. यांना विचारावे की, बाबांनो, तुम्ही व्यापार करता त्यानेही मोक्ष नाही, शेत विकत घेता त्यानेही नाही. मग मोक्षाचा निकष नेमका उपाशी माणूस दारात उभा असतानाच का आठवतो?

येथे पूर्वपक्ष असा करतील की, फळ जर अल्प आणि नाशवंत आहे तर त्यासाठी बुद्धिमान मनुष्याने प्रवृत्त का व्हावे? समाधान असे. दानाच्या फळाला शास्त्र लहान म्हणते, ते दानाला सौदा समजणाऱ्याला उद्देशून म्हणते. एक पायली धान देऊन स्वर्गातील भोगाची पावती मागणारा जो आहे, त्याला सांगितले जाते की, तुझी पावती थोड्या दिवसांची आहे. पण ज्याने फळ मागितलेच नव्हते, त्याला फळ लहान आहे हे ऐकून काय तोटा? समोरच्याचे दुःख पाहावले नाही म्हणून ज्याने दिले, त्याचा हेतू तर समोरच्याच्या मुखात घास जाताच पूर्ण झाला. त्याच्यापुढे शास्त्राचे हे वचन आडवे येतच नाही. तात्पर्य, आपल्या मार्गाने दानातील देवघेवीचा भाव निषिद्ध केला आहे. दुःखी जीवाला हात देणे निषिद्ध केलेले नाही.

परमेश्वरावतारांच्या लीळाच याला साक्षी आहेत. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढून पळत आलेला ससा सर्वज्ञांच्या जानूखाली शिरला, तेव्हा त्यांनी त्याला अभय दिले आणि पारध्यांनाही शांतपणे मागे वळविले. ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या लीळा तर या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचाव्यात. गावाबाहेर राहणाऱ्या मातंगांना पाण्याचा आसरा नव्हता. त्यांनी विनविले, आणि श्रीप्रभूंनी विहिरीची जागा दाखवून त्यांच्या वस्तीला पाणी मिळवून दिले. प्रसूतीच्या वेदनांत एकाकी पडलेल्या स्त्रीच्या घरी जाऊन तिची सेवा करण्यातही त्यांना संकोच वाटला नाही. ऋद्धिपूरचे लोक त्यांना आई म्हणत आणि बापही म्हणत, ते यासाठीच. या लीळा वाचताना एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. मातंगांना तहान कोणत्या तिथीला लागली होती? त्या स्त्रीच्या पोटी कळ आली तेव्हा पर्वकाळ होता काय? लीळाकाराला त्याचे काहीच वाटत नाही, कारण त्या कृपेचा तिथीशी संबंधच नव्हता.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ, कारण ते या जिल्ह्याने स्वतः भोगलेले आहे. २०२० साली २२ ऑगस्टला गणेशचतुर्थी होती. साथीचे वर्ष असल्याने शासनाने सार्वजनिक मूर्तीची उंची चार फुटांवर आणि घरच्या मूर्तीची दोन फुटांवर मर्यादित केली होती; मिरवणुका नव्हत्या, गर्दी नव्हती. भाद्रपद शुद्ध एकादशीच्या, म्हणजे २९ ऑगस्टच्या सुमारास वैनगंगा चढू लागली. ही नदी मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावते. तिकडे अतिवृष्टी झाली, संजय सरोवरातून आणि पेंचवरील धरणांतून पाणी सुटले, आणि खाली गोसीखुर्दचे तेहतीसही दरवाजे उघडावे लागले. भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत आणि नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. नावांतून माणसे काढावी लागली. पोटरीवर आलेले धान पाण्याखाली गेले.

त्या दोन-चार दिवसांत लोकांनी जे केले त्याचे मला आजही कौतुक आहे. एका गावाने दुसऱ्या गावासाठी चुली पेटविल्या. ज्यांनी साथीच्या भयाने सहा महिने परक्याला उंबऱ्याआत घेतले नव्हते, त्यांनी ओले, चिखलाने माखलेले कुटुंब घरात घेतले. ढिवर बांधवांनी आपल्या डोंग्या पाण्यात घातल्या. उत्सवाचे दिवस असल्याने मन आधीच मोकळे होते, आणि मंडपासाठी जो खर्च व्हावयाचा तो झालेला नव्हता, हेही त्या ओघाला साहाय्यक झाले असावे.

परंतु याच प्रसंगात पर्वाच्या दानाचे दोषही उघडे पडले, आणि ते घेणाऱ्याच्या बाजूने पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. नदीकाठच्या एका वस्तीत मला एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले की, महाराज, त्या आठवड्यात दिवसातून पाच वेळा खिचडी आली, आणि त्यानंतर कोणीच आले नाही. कपड्यांचे गाठोडे सोडले तर त्यात विरलेली लुगडी, एका पायाचा जोडा, बटणे तुटलेले सदरे. ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांची अब्रू वाहून गेलेली नव्हती, हे गाठोडे बांधणाऱ्याच्या ध्यानात राहिले नाही. शिधा देताना छायाचित्र घेण्यासाठी स्त्रियांना फलकापुढे उभे करण्यात आले. एका तरुण स्त्रीने पदर तोंडावर ओढून घेतला, तर तिला तो बाजूला करण्यास सांगण्यात आले. ज्याने ती पिशवी पाठविली त्याला हे ठाऊकही नसेल. पण घेणाऱ्याच्या मनात दात्याची जी मूर्ती राहिली ती ही.

भिक्षुकाला हा प्रकार लवकर समजतो. आम्हीही हात पुढे करतो. फरक एवढाच, की आम्ही ते व्रत म्हणून स्वीकारले आहे आणि त्यामुळे आम्हाला त्यात लाज नाही. ज्याच्यावर ते अकस्मात कोसळते, त्याच्या हाताला ती सवय नसते. त्याला देताना देणाऱ्याची दृष्टी खाली असावी. वस्तू अशी असावी की जी आपण स्वतः वापरली असती. नाव विचारल्याशिवाय सांगू नये, आणि विचारले तरी गावाचे सांगावे.

पाणी ओसरले तेव्हा अनंत चतुर्दशीही झाली होती. २ सप्टेंबरला पितृपक्ष लागला, आणि त्यानंतर १८ सप्टेंबरपासून १६ ऑक्टोबरपर्यंत अधिक आश्विन आला. अधिकमास हा आपल्याकडे लोकरूढीने दानाचा महिना मानला जातो. जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देण्याची चाल आहे, आणि ज्यांना परवडते ते त्याबरोबर चांदीचे ताटही देतात. यात वाईट काही नाही. जावई हाही कोणाचा तरी पुत्रच असतो. पण त्याच महिन्यात नदीकाठी काय चालले होते? मातीच्या भिंती बसल्या होत्या. घरातला गाळ उपसून झाला नव्हता. मुलांची पुस्तके, रेशनची कार्डे, सातबाऱ्याचे कागद भिजून लगदा झाले होते. धान गेलेल्या बांधीत लाखोळी किंवा जवस टाकावे तर बियाणे नव्हते. भुकेची आणीबाणी टळली होती. आता हवे होते दोन हात, थोडे बियाणे आणि तहसील कार्यालयात बरोबर येणारा एखादा लिहिता-वाचता मनुष्य. यांपैकी काहीही पिशवीत भरून वाटता येत नाही. १४ नोव्हेंबरला दिवाळी आली तोपर्यंत जी थोडी माणसे घमेले-फावडे घेऊन पुन्हा पुन्हा त्या वस्त्यांत जात राहिली, त्यांना मी त्या वर्षातले मोठे दाते समजतो. त्यांच्यापैकी कित्येकांजवळ द्यावयास पैसा नव्हताच.

येथून आपण सेवेच्या प्रश्नाकडे येतो. दानात वस्तू जाते, सेवेत वेळ आणि देह जातो. वस्तू एकदा दिली की संपते. देह मात्र उद्या पुन्हा नेऊन उभा करावा लागतो. म्हणूनच सेवेत सातत्याची परीक्षा अधिक होते. विद्यापीठांतून राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिचे विद्यार्थी सुटीत सात दिवस एखाद्या गावी शिबिर करतात, रस्ता दुरुस्त करतात, नाली काढतात, सायंकाळी व्याख्यान ठेवतात. हे चांगले आहे आणि ते चालू राहावे. पण आठव्या दिवशी ती नाली कोण काढणार, याचे उत्तर ज्या शिबिरात निघाले तेच शिबिर सार्थ झाले असे मी म्हणेन. आपल्याच वऱ्हाडातील श्रीसंत गाडगेबाबांचा क्रम या बाबतीत पाहावा. ते गावात आले की प्रथम खराटा हाती घेत, कीर्तन रात्री. दिवसभर ज्या माणसाने आपल्या दारातला उकिरडा काढला, त्याचे बोलणे ऐकावयास गाव आपोआप बसे. बाबा आपल्या पंथाचे नव्हते. त्यामुळे त्यांच्यापासून शिकण्यास आपल्याला काही अडचण असावी असे मला वाटत नाही.

या जिल्ह्यात सामुदायिक श्रमाचे सर्वांत मोठे स्मारक म्हणजे येथील तलाव. कोहळी समाजातील कुशल लोकांनी शतकांपूर्वी उतार पाहून पाळी बांधल्या, पाणी अडविले, आणि या प्रांताला भात खाऊ घातला. पुढे ते मालगुजारांकडे आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि आज त्यांना माजी मालगुजारी तलाव किंवा थोडक्यात मामा तलाव म्हणतात. मालक बदलला, पण पाळीवर माती टाकणारे हात मागे सरले. तलाव आता सरकारचा, मग गाळ सरकारने काढावा, अशी वृत्ती झाली. अनेक तलाव उथळ झाले, कित्येकांत बेशरमाची झुडपे माजली. जुन्या काळाचे अतिरिक्त गोडवे गाण्याचेही कारण नाही. त्या काळी पाळीवर जे श्रम होत त्यांत वेठीचा भाग होता, आणि वेठीला सेवा म्हणणे हा सेवेचाही अपमान आहे. याउलट अलीकडे गोंदिया-भंडारा भागात काही कार्यकर्त्यांबरोबर ढिवर समाजातील स्त्रियांनी आपण होऊन तलावांतील बेशरम उपटले आणि माशांना उपयोगी पडतील अशा देशी पाणवनस्पती लावल्या. त्यात त्यांच्या पोटाचाही संबंध आहे हे खरे. पण त्यांच्यावर कोणाची सक्ती नव्हती, आणि ज्या पाण्यावर त्यांचे मासे वाढले त्याच पाण्यावर शेजाऱ्याचे धानही वाचले.

या संदर्भात उपदेशी मंडळी एक बारीक शंका काढतात आणि ती टाळण्यासारखी नाही. आपल्या आचारात अहिंसेचा विचार अतिशय सूक्ष्म आहे. माती खणली तर सूक्ष्म जीव मरतात, झुडूप उपटले तर त्यालाही पीडा होते. मग तलावाचे श्रमदान हे पाप नव्हे काय? माझे मत स्पष्ट सांगतो. संन्यस्ताने या कामात फावडे हाती घेऊ नये. त्याचा विधी वेगळा आहे आणि तो शिथिल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु गृहस्थ आपल्या बांधीत नांगर घालतोच. स्वतःच्या धानासाठी जमीन फोडताना ज्याला ही शंका येत नाही, त्याला ती गावाच्या पाण्यासाठी येऊ लागली तर ती शंका अहिंसेतून आलेली नसून आळसातून आलेली आहे. आणि मातंगांच्या विहिरीची लीळा आपल्यापुढे आहेच. ती जागा प्रत्यक्ष श्रीप्रभूंनी दाखविली होती, आणि विहीर काही खणल्यावाचून होत नाही. संन्यस्ताला करता येण्यासारखी सेवा पुष्कळ आहे: आजाऱ्याजवळ बसणे, वृद्धाला औषधाची वेळ सांगणे, भांडलेल्या दोन भावांना एका ओसरीवर आणणे. पूरग्रस्त वस्तीत जाऊन काहीही न मागता सांजवेळी स्मरणास बसणे यानेही किती धीर येतो, हे ज्यांनी केले त्यांना ठाऊक आहे.

आता आपल्या घरातली गोष्ट. भाद्रपद शुद्ध द्वितीयेला सर्वज्ञांचा अवतारदिन येतो, श्रावणात पवित्राचे पर्व येते, आणि त्या दिवशी आश्रमांतून उपहारांची रीघ लागते. ताटावर ताट येते. विडा, वस्त्र, फळ, मिष्टान्न यांनी देवपूजेपुढची जागा भरून जाते. भक्तांची ही श्रद्धा वंदनीय आहे. परंतु त्या दिवशी दुपारी आश्रमात जे अन्न उरते आणि पुढच्या पंधरवड्यात त्याच आश्रमातील एखाद्या जराजर्जर तपस्विनीला दुधाविना जे राहावे लागते, या दोहोंचा मेळ आम्हा महंत मंडळींना घालता आला पाहिजे. शंभर घरांनी एकाच दिवशी आणण्याऐवजी शंभर घरांनी शंभर दिवस वाटून घ्यावेत, हे सांगण्याचा संकोच आम्ही करतो. पर्वाच्या दिवशी आश्रम गजबजलेला दिसला म्हणजे आम्हालाही बरे वाटते, हे त्याचे खरे कारण होय. आणि त्याहून कठीण गोष्ट अशी की, आश्रमाच्या दारापाशी येऊन भक्तांचे औदार्य थांबावे, भिंतीपलीकडच्या वस्तीपर्यंत ते जाऊ नये, असा आपला समज नकळत होऊन बसला आहे. जो सर्व घरांतून भिक्षा घेतो, त्याच्या आश्रमातील अन्न सर्व घरांपर्यंत परत जाण्यास हरकत कोणती?

व्यवहारात काय करावे, असे विचारणाऱ्यांसाठी एक जुनाच उपाय सुचवितो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे त्यांच्या वसतिगृहातील गरीब मुलांसाठी सातारा भागातील स्त्रिया रोज स्वयंपाकाच्या आधी एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवीत. त्याला मुष्टिफंड म्हणत. एका मुठीने कोणाचे घर बसत नाही, आणि ती मूठ काढण्याला दिवाळीची वाट पाहावी लागत नाही. भंडाऱ्याच्या गावागावांतून तांदळाची अशी मूठ सहज निघेल. कार्तिकात, धान घरात असताना सुरुवात करावी, म्हणजे अवघड वाटणार नाही. जमलेले तांदूळ भाद्रपद-आश्विनासाठी राखावेत, कारण रिते दिवस तेच आणि पुराचे दिवसही तेच. कोणाला द्यावयाचे याची यादी चौकात लावू नये; गावातील दोन वृद्ध स्त्रियांना ती तोंडपाठ असते, त्यांच्याकडेच ते काम द्यावे. ज्या घरी द्यावयाचे त्या घरी अंधार पडल्यावर एकाच माणसाने जावे.

मडके कोणाच्या घरी ठेवावे, असा प्रश्न निघेल. ते गावाने ठरवावे. आश्रमात मात्र ठेवू नये. आश्रमात ठेवले तर मूठ टाकणारी स्त्री ती देवाला म्हणून टाकील आणि फळ मनात धरील. शिवाय जो उपाशी आहे पण आपल्या पंथाचा नाही, त्याचे पाऊल आमच्या फाटकाशी अडखळेल.